इंजिनांचे नंबर आणि ६१७४

मंडळी, आधी कबुली देऊन टाकतो. गेली तीस वर्षं मी रेल्वे इंजिनांचे नंबर वहीत उतरवतो आहे. ऑफिसात मात्र 'रविवारी कुठे होतात?' असं विचारलं, की 'कसाऱ्याला, ट्रेकला' म्हणायचो. ट्रेकला मान आहे. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिनं बघायला गेलो होतो, हे सांगायची छाती नव्हती. एकदा वही सापडलीच. सहकाऱ्यानं पानं उलटली आणि विचारलं, "याचा उपयोग काय?" मी म्हणालो, "स्मरणशक्ती वाढते." (हशा)

या थापेची लाज मला पुढे कापरेकरांनी आणली.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत मास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. आयुष्यभर आकड्यांशी खेळत बसले. कितीतरी गणितज्ञांनी त्यांच्या कामाला पोरखेळ ठरवलं. मास्तरांनी त्याला भारदस्त नावाची झूल काही चढवली नाही. आगगाडीच्या प्रवासात डोंबिवलीपाशी काही संख्या सुचल्या, तर त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांना 'डेम्लो संख्या' म्हणून मोकळे झाले. दुसऱ्या एका जातीला थेट आपल्या गावाचं नाव दिलं : देवळाली संख्या! स्टेशनाचं नाव गणितात गेलं, हे ऐकून माझ्यासारख्याचं काय झालं असेल बघा.

१९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. पण तोवर मास्तर सत्तरीला आले होते. कुणी वाखाणेल म्हणून ते इतकी वर्षं बसले असतील, असं मला वाटत नाही.

त्यांचा ६१७४ तुम्ही ऐकला असेल. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो, आणि मग तिथेच राहतो.

परवा या भाषणाची तयारी करताना मी त्यांचं जन्मसाल घेतलं. ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात पायऱ्या! म्हटलं, आता ते गेले ते साल बघू, १९८६. ९८६१ वजा १६८९, किती? ८१७२. म्हणजे जन्मसाल दुसऱ्या पायरीवर जिथे पोचतं, तिथे मृत्यूसाल पहिल्याच पायरीवर येऊन मिळतं.

याचा अर्थ काय? काहीही नाही. पण रात्री एक वाजता मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आणि १९६१?" ते तिचं जन्मसाल.