फोनवरचा वेळ कुणाच्या खात्यात?

(सोलापुरात बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'छोटा व्यवसाय करणाऱ्या बाईने सोशल मीडियावरच्या वेळेचं नियोजन कसं करावं' असा विषय मला दिला आहे. ऐकून आधी हसूच आलं. नळाला पाणी कधी येणार, पोराची शाळा कधी सुटणार, सासूची गोळी किती वाजता द्यायची, हे सगळं डोक्यात ठेवून जी कडक भाकरीची शंभराची ऑर्डर पुरी करते, तिला वेळेचं नियोजन मी काय शिकवणार? तेव्हा नियोजन थोडं बाजूला ठेवून आधी हिशोबाबद्दल बोलते.

आमच्या गटातल्या एका ताईंची वही मी गेल्या वर्षी पाहिली. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतात. वही अगदी नेटकी. ज्वारी, शेंगदाणे, लसूण, गॅस, पिशव्या, रिक्षाभाडं, सगळं लिहिलेलं. पैसे तर बरे सुटत होते, पण बाई दमलेल्या. म्हणाल्या, "ताई, भाकरी थापून हात दुखत नाही, पण तो फोन मेला जीव खातो." त्या वहीत फोनला एकच ओळ होती, रिचार्जची. फोनवर गेलेला वेळ कुठेच नव्हता.

मग आम्ही ठरवलं, आठ दिवस फोन हातात घेतला की घड्याळ बघायचं आणि ठेवला की पुन्हा बघायचं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायचं. पहिल्या दोन दिवसांत ताई विसरल्या, मग मुलीनं आठवण करून द्यायला सुरुवात केली. आठवड्याअखेरीस दिसलं की दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास जात होते, आणि त्यातला खरोखर ऑर्डरीचा वेळ पाऊण तासाचा. बाकीच्या वेळात फोटो काढायचा, तो नीट आला नाही म्हणून परत काढायचा. फोटोखाली भाव लिहिलेला असताना "भाव काय?" विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं. दुसऱ्या बायकांची रील बघायची. आणि रात्री अकराला आलेल्या निरोपाला, ऑर्डर हातची जाईल या भीतीनं, अंथरुणातून उत्तर द्यायचं.

इथे आमचीही चूक सांगते. आमच्या संस्थेनं विक्रीचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा बाहेरून बोलावलेले एक गृहस्थ सांगून गेले की रोज एक रील टाका, गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत उत्तर द्या. आम्ही माना डोलावल्या. ही पाच मिनिटं बाईच्या कोणत्या कामातून कापायची, हे एकीनंही विचारलं नाही. मी सुद्धा नाही, आणि समाजकार्याची पदवी घेताना 'बाईचे अदृश्य श्रम' यावर मी पानंच्या पानं लिहिली होती!

मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या कितीतरी सासवांनी उभा जन्म विड्या वळल्या आहेत. त्यांना ही गोष्ट लगेच कळली. विडीची मजुरी हजारावर मिळते. पान भिजवायचं, कापायचं, माल घेऊन रांगेत उभं राहायचं, छाट निघाली तर तोंड मिटून घ्यायचं, याचा वेगळा पैसा नाही. एक आजी म्हणाल्या, "म्हंजे तुमचा फोन आमच्या पानकापणीसारखाच की!" मला इतकं सोपं सुचलं नसतं. फरक असलाच तर एवढाच, की विडीचा कारखानदार कोण ते आजींना माहीत होतं. इथे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही दुकानं एकाच कंपनीची. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीला आपण पडद्याकडे जितका वेळ बघू तितका हवाच असतो. आपण फोन खाली ठेवावा असं तिथे कुणाला वाटणार?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना दिसल्या, आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. धंद्याचा फोन या २८९ मिनिटांच्या वर येऊन बसतो.

आणि फोन तरी कुणाचा? आमच्या गटात निम्म्या जणींकडे स्वतःचा फोन नाही. मुलगा कामावरून आला की रात्री नऊनंतर तो हातात मिळतो. अशा बाईला "रात्री फोन बघू नका" सांगणं म्हणजे धंदा बंद कर सांगणंच झालं. जिच्याकडे फोन आहे तिच्या मागे वेगळा ताप. नंबर जाहीर झाला की चटणीच्या चौकशीच्या निमित्तानं "जेवलात का?" विचारणारे पुरुष येतात. नवरा म्हणतो, रात्री बारापर्यंत ऑनलाइन कुणासाठी असतेस? दोन्हीकडून बोलणी बाईलाच. एकीनं तर या पायी नंबरच बंद केला, आणि दिवाळीच्या फराळाची सगळी गिऱ्हाइकं गेली.

आता आम्ही काय केलं ते सांगते. त्या भाकरीवाल्या ताईंनी दोन वेळा ठरवल्या. दुपारी तवा उतरला की एक तास, आणि संध्याकाळी अर्धा तास. प्रत्येक फोटोवर भाव आणि 'ऑर्डर संध्याकाळी सहापर्यंत' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप आहे, २०१८ पासून आपल्याकडे मिळतं, फुकट आहे. त्यात मालाची यादी भावासकट लावून ठेवता येते, नेहमीची उत्तरं तयार ठेवता येतात, आणि कामाच्या वेळेबाहेर निरोप आला तर आपोआप उत्तर जातं. ताईंनी लिहून ठेवलंय, 'दुकान बंद आहे, उद्या दुपारी बोलू.' बाईचं स्वयंपाकघर 'बंद' असू शकतं, हे लिहायला त्यांना पंधरा दिवस लागले! एकेकीला निरोप पाठवणंही थांबवलं. यादी करून सगळ्यांना एकदम पाठवायची सोय आहे. मात्र तो निरोप ज्यांनी आपला नंबर साठवलाय त्यांनाच पोचतो, म्हणून पिशवीवरच्या चिठ्ठीवर 'नंबर सेव्ह करा' छापलं. रील आठवड्याला एक, तेही मुलीला हौस असेल तर.

नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. लग्नाची एक मोठी ऑर्डर रात्री आली होती, ती सकाळपर्यंत दुसरीकडे गेली. ताई दोन दिवस हळहळल्या. पण बाकीची गिऱ्हाइकं दुपारी विचारायला शिकली.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी गटानं एक फोन घेतला. तो पाळीपाळीनं एकीकडे राहतो, सगळ्यांच्या ऑर्डरी तीच घेते, आणि रात्रीच्या त्या 'जेवलात का'वाल्यांना गटाच्या नावानं उत्तर जातं. ते आपोआप कमी झाले. पण जी फोन सांभाळते तिला त्याचे पैसे द्यायचे का, यावर बैठकीत मोठं भांडण झालं. "बसल्या बसल्या बोटं चालवायचे कसले पैसे?" असं म्हणणाऱ्या पुरुष नव्हत्या हो, आपल्याच बायका होत्या. विड्या वळलेल्या आजीच शेवटी चिडून म्हणाल्या, "माझी पानकापणी फुकट गेली, आता हिची पण घालवा!"

सध्या ऑर्डरीमागे दोन रुपये ठरले आहेत. कमी आहेत, मला मान्य आहे. फोन सांभाळणाऱ्या ताईंनी पाच मागितलेत. पुढच्या महिन्यात परत बैठक आहे.