चराईची विद्या

पेण-अलिबागच्या खारपट्टीपासून मुरूड-श्रीवर्धनच्या डोंगरउतारापर्यंत मृगाचा पाऊस स्थिरावला, म्हणजे वरकस जमिनी आणि माळ पाहता पाहता हिरवे होतात, आणि उन्हाळाभर पेंढ्यावर तगलेली गुरे दावे सुटताच त्या कोवळ्या गवताकडे धाव घेतात. अशा वेळी चराईची विद्या ज्याला अवगत आहे, त्याचीच गुरे आणि त्याचाच माळ दोन्ही सुस्थितीत राहतात; म्हणून ती विद्या परस्परांस देण्याघेण्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेचा वेढा घालून ती गवत ओढून तोडते. साहजिकच गवत फार खुरटे झाले, की दिवसभर हिंडूनही तिचे पोट भरत नाही. जाणता गुराखी सायंकाळी परतणाऱ्या गुरांच्या डाव्या कुशीकडे पाहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांमधला खळगा भरून आला असेल, तर चराई साधली. तो खोल दिसला, तर माळ बदलावयास हवा. आणि तीच कूस डफासारखी ताणली असेल, तर ती पोटफुगी समजून तत्काळ पशुवैद्यास बोलवावे. पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवताने गुरांस ढाळ लागतात, म्हणून आरंभीचे काही दिवस सोडण्यापूर्वी थोडा पेंढा घालावा.

फ्रान्समधील आंद्रे व्वाझाँ या शेतकरी-अभ्यासकाने स्वतःच्या गाईंचे चरणे निरखून १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. एकदा खाल्लेल्या गवतास पुन्हा वाढण्याइतकी विश्रांती मिळाल्याखेरीज तेथे गुरे फिरून आणू नयेत, हे त्याचे प्रमुख सूत्र. आपल्या माळाचेही भाग पाडून ते आळीपाळीने बंद ठेवता येतील. जो भाग कापणीसाठी राखला असेल, तेथील गवत फुलोऱ्यावर असतानाच कापावे. बी गळून वाळलेल्या गवतात सत्त्व फारसे उरत नाही. मात्र पुढील वर्षाच्या बियाण्यासाठी एखादा पट्टा उभा राहू द्यावा.

भातखाचरांच्या दलदलीच्या कडेला गोगलगायींमार्फत पर्णकृमी पसरतात व ते गुरांच्या यकृतात ठाण मांडतात. म्हणून तेथे गुरे चारणे टाळावे. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

यातील निम्मे ज्ञान वृद्ध गुराख्यांपाशी आहे, निम्मे पशुवैद्यांपाशी. आणि राखोळीवर गुरे राखणारा एकेक गुराखी काम सोडतो, तसतसे पहिले निम्मे नाहीसे होत आहे. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे; परंतु त्या जमिनीवर गुरे कशी चारावी, हे गावानेही मिळून ठरवावयास हवे. भातकापणीनंतर वालाचे पीक उभे असताना गुरे केव्हा मोकळी सोडावी, हेही ग्रामसभेत ठरले, तर शेजाऱ्याचे नुकसान टळते आणि कोंडवाड्याची पाळी येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की येत्या वैशाखात गुराखी, पशुवैद्य, तलाठी आणि गावातील तरुण मुले-मुली यांनी एकदा मिळून आपला माळ पायी फिरावा, कोणता भाग केव्हा बंद ठेवावयाचा ते ठरवावे, आणि ठरलेले ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावे.