फवारणी आणि पुरुषाचे प्रजनन आरोग्य
(तळोदा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो चारचौघांत कोणी काढत नाही. लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की सुनेकडे बोट दाखवले जाते. तिच्यासाठी भगत होतो, नवस होतात, शेवटी दुसऱ्या बायकोची भाषा सुरू होते. नवऱ्याची साधी तपासणीही होत नाही. तो मात्र हंगामभर पाठीवर पंप घेऊन विष फवारत असतो. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो, हेच आज सांगावयाचे आहे.

आपल्या तळोदा परिसरात केळी, पपई, ऊस, कापूस, मिरची ही पिके होतात. पिकांवर फवारणी आली आणि ती करणारा बहुधा सालदार किंवा रोजंदारीचा मजूर. आपण त्या डब्याला 'औषध' म्हणतो. शब्द गोड आहे, पण आत विष आहे. अनेक कीटकनाशके किडीच्या मज्जातंतूंवर घाला घालतात, आणि माणसाचे मज्जातंतू त्यातून सुटत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ते मरण सर्वांना दिसले. जे नुकसान दिसत नाही, त्याबद्दल आम्ही बोलत आहोत.

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात. या काळात पोटात, श्वासात किंवा कातडीतून विष गेले, तर शुक्रजंतूंची संख्या घटू शकते, त्यांची हालचाल मंदावते, त्यांतील आनुवंशिक द्रव्यास इजा होते. मेंदूकडून अंडकोषाकडे जाणाऱ्या संप्रेरकांचा मेळही काही विषांनी बिघडतो.

विष शिरते कोठून? नाका-तोंडातून, हे आपणास ठाऊक आहे. परंतु कातडी हा मोठा दरवाजा आहे. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या प्रयोगांत हाताच्या कातडीपेक्षा अंडकोषावरील कातडीतून ते दहापटींहून अधिक शोषले गेल्याचे आढळले. आता आपला गळका पंप डोळ्यांपुढे आणा. पाठ भिजते, कंबर भिजते, चड्डी भिजते, आणि माणूस तसाच संध्याकाळपर्यंत काम करतो.

हे केवळ तर्क नाहीत. १९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे जमिनीतील सूत्रकृमी मारणारे रसायन बनविणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. त्यांनी लाज बाजूला ठेवून तपासणीचा आग्रह धरला, आणि दोष उघड झाला. आपल्या देशात कापसाच्या शेतात फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या कुटुंबांचा अभ्यास हैदराबादच्या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांत वंध्यत्व व गर्भपात अधिक आढळले. म्हणजे विष पुरुषाच्या अंगावर, आणि पोट रिकामे झाले बाईचे!

केरळातील कासरगोड भागात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. तेथील मुलग्यांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलग्यांचे वयात येणे लांबल्याचे दिसले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. २०२३ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यातही ऑर्गनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीटकनाशकांचा शुक्रजंतू कमी असण्याशी संबंध दिसला.

याचा अर्थ फवारणी करणारा प्रत्येक जण निपुत्रिक होतो, असा मुळीच नाही. तंबाखू, दारू, गालगुंड, अंडकोषाजवळील फुगलेल्या शिरा अशी इतरही कारणे असतात. विषाचा संपर्क थांबल्यावर पुष्कळ वेळा सुधारणाही होते. म्हणून घाबरू नये, पण दडवूही नये.

मग करावे काय? डब्यावरील त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. गळका पंप पाठीवर घेऊ नये. नोझल तोंडाने फुंकू नये. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. मध्येच बिडी-तंबाखू नको. कपडे भिजले तर लगेच बदलावेत, साबणाने अंघोळ करावी, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, कारण ते धुणारे हात बाईचे असतात. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. हातमोजे, बूट, तोंडावरचा मास्क मागणे म्हणजे मालकाशी भांडण नव्हे, तो मजुराचा हक्क आहे.

आणि मूल होत नसेल तर प्रथम नवऱ्याची वीर्यतपासणी करावी. ती सोपी आहे, बाईच्या तपासण्यांसारखी त्रासाची नाही. दोष निघाला म्हणून मर्दानगी जात नाही. मर्दानगी निराळी, शुक्रजंतूंची संख्या निराळी. डॉक्टरांना आपण कोणते विष, किती दिवस फवारतो, हे मात्र न विसरता सांगावे.

तरुण बंधूंनो, आपल्या घामावर दुसऱ्याचे शेत हिरवे होते. त्या हिरवाईसाठी आपले घर ओसाड होऊ देऊ नका. आणि सासू-सासरेहो, सुनेला वांझ म्हणण्यापूर्वी आपल्या मुलाच्या पाठीवरील पंपाकडे एकदा पाहा, एवढीच आमची विनंती आहे.