गल्ली तेवढीच, अंतर कमी



दिल्लीतल्या मुनिरक्यात, या संमेलनात आपलं स्वागत. गाड्या मोठ्या रस्त्यावर सोडून आपल्याला चालत यावं लागलं, त्याची आधी माफी मागतो. इथल्या जुन्या गावातल्या गल्ल्यांतून स्कूटर जाते, मोटार अडते. मी इथे राहायला आलो तेव्हा माझं कपाट गल्लीच्या तोंडाशी दोन तास उभं होतं. शेवटी फळ्या सुट्या करून वर नेलं. आयुष्य झिओलाइटमध्ये घालवलेल्या मला ती गल्ली ओळखीची वाटली!

झिओलाइट, म्हणजे आत रेणूंपुरत्या अरुंद वाटा असलेला दगड, महाराष्ट्राला परका नाही. विहीर खणताना, खाण फोडताना काळ्या बेसाल्टच्या पोकळीत स्टिल्बाइट या झिओलाइटचे फिकट गुलाबी स्फटिक दिसतात. तापवल्यावर वाफ सोडणाऱ्या अशा खनिजाला स्वीडनच्या क्रॉन्स्टेटने १७५६ साली ‘उकळता दगड’ या अर्थाचं ग्रीक नाव दिलं.

कारखान्यात उत्प्रेरक म्हणून राबणारा झेडएसएम-५ हा झिओलाइट मात्र माणसाने घडवलेला. त्याच्या वाटा जेमतेम साडेपाच अँगस्ट्रॉम रुंद. सडपातळ पॅरा-झायलीन त्यातून सटकतं. ऑर्थो आणि मेटा ही आडव्या अंगाची भावंडं रेंगाळतात. पॉलिएस्टरला पॅराच लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी याच कुळातला एन्सिलाइट घडवला. १९८५ साली तो बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये कामाला लागला. नावात ‘एनसीएल’ लपलंय, हे पुणेकरांना सांगायला नको.

पण अरुंद गल्ली लांबही असली की कोंडी होते. आत अडकलेल्या रेणूंचा कोक, म्हणजे कोळशासारखा थर, बनतो आणि उत्प्रेरक थकतो. गल्ली रुंद करावी, तर निवड हातची जाते. मग रुंदी तीच ठेवून लांबी कमी करायची, म्हणजे स्फटिकच पापुद्र्याएवढा पातळ करायचा.

चिरोटे करणाऱ्यांना हे नवं नाही. पोळ्यांमध्ये साटा लावला नाही, तर पदर सुटत नाहीत. २००९ साली कोरियातल्या र्‍योंग र्‍यू यांच्या गटाने असाच साटा वापरला : दोन धनभारित डोकी आणि २२ कार्बनची शेपटी असलेला रेणू. डोक्यांभोवती झिओलाइट जमतो, शेपटी त्याला जाड होऊ देत नाही. पदर भरतो २ नॅनोमीटरचा. पुढे भट्टीत साटा जळाला की पदर एकमेकांवर बसू पाहतात. म्हणून कुणी मध्ये सिलिकाचे खांब रोवतात. खांब किती उंच असावेत आणि एवढा खर्च रिफायनरीला झेपेल का, यावर दोन दिवस मनसोक्त भांडा. त्यासाठीच आपल्याला बोलावलंय.

व्यवस्थेत उणं राहिलं असेल तर पदरात घ्या. मध्यंतरात चहाबरोबर चिरोटे आहेत. पदर नीट सुटले नसतील, तर दोष साट्याला द्या, समितीला नको.