देखण्या रस्त्यांची हजेरी



'जगातील देखणे रस्ते' हा विषय चालकांनी आम्हांस दिला तेव्हा प्रथम वाटले की, पाकिटावरचा पत्ता चुकला असावा. असा विषय एखाद्या प्रवासी गृहस्थाला द्यावयाचा. आमचा प्रवास कामगारांच्या सभा असतील तेथवरचा, तोही बहुधा रात्रीच्या एस.टी.ने. त्यामुळे सृष्टिसौंदर्य आमच्या वाट्याला आले ते अंधारातच. आज ज्या परदेशी रस्त्यांविषयी बोलणार आहोत, ते आम्ही ग्रंथालयाच्या बाकावर बसूनच पाहिले आहेत. तरीही विषय घेतला. डोंगर आणि समुद्र कोणी केले याचे उत्तर कीर्तनकारांनी द्यावे, पण रस्ता कोणी केला याचे उत्तर हजेरीपत्रकात असते, आणि हजेरीपत्रके वाचण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत.

कड्याला बिलगून गेलेल्या रस्त्याचे चित्र आपण सर्वांनी कॅलेंडरवर पाहिले असेल. खाली निळे पाणी, वर हिरवा डोंगर, मधून एक रेघ. पाहणाऱ्याची नजर पाण्याकडे जाते. आमची जाते ती कापलेल्या दगडाकडे. रस्ता नव्हता त्या दिवशी तेथे पहिला माणूस उभा कोठे राहिला? पाय कशावर टेकला? आणि संध्याकाळी त्याच्या हातावर किती पडले? हा प्रश्न विचारला की सौंदर्य कमी होते असे काहींना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे, आणि त्यासाठीच एक रस्ता जरा सावकाश पाहू.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय टोकाला व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. मेलबर्न ही त्याची राजधानी. तेथून नैर्ऋत्येला, टॉर्की गावापासून ॲलन्सफर्डपर्यंत, समुद्राच्या काठाने सुमारे २४३ किलोमीटरचा रस्ता जातो. त्याला 'ग्रेट ओशन रोड' म्हणतात. ऑटवे नावाची दाट जंगलाची डोंगररांग तेथे थेट समुद्रात उतरते. पूर्वी लॉर्नसारख्या किनाऱ्यावरच्या गावी जावयाचे तर एक समुद्रमार्ग, नाही तर जंगलातली खडबडीत वाट.

पहिले महायुद्ध संपत आले तेव्हा त्या देशापुढे एक प्रश्न उभा राहिला. हजारो शिपाई परत येणार, त्यांना काम काय द्यावयाचे? रस्ते-मंडळाचे अध्यक्ष विल्यम काल्डर यांनी १९१७ सालीच सुचविले होते की, त्यांना रस्त्यांच्या कामावर घ्यावे. जिलाँग शहराचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी ही कल्पना उचलली, एक विश्वस्त संस्था काढली, वर्गणी आणि कर्ज मिळून पैसा उभा केला आणि स्वतःचे ३,००० पौंड त्यात घातले. युद्धात पडलेल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून रस्ता, आणि तो बांधणारे त्यांचेच जिवंत राहिलेले सोबती. १९१९च्या सप्टेंबरात काम सुरू झाले. पुढे १३ वर्षांत सुमारे ३,००० माजी सैनिक त्यावर राबले. यंत्रे फारशी नव्हतीच. कुदळ, फावडे, एकचाकी हातगाडी आणि सुरुंगाची दारू. काही जण त्या कामात मेलेही.

आता हजेरीपत्रक उघडू. मजुरी रोज १० शिलिंग ६ पेन्स. काम आठ तास, शनिवारी अर्धा दिवस. राहावयास तंबू, जेवावयास एक मोठा सामाईक तंबू. जेवणाचा खर्च आठवड्याला फार तर १० शिलिंग. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत आठवड्याचे पोट भरून वर सहा पेन्स शिल्लक! श्रोत्यांपैकी ज्यांनी बांधकामावर मजूर लावले आहेत, त्यांनी हा हिशोब घरी जाऊन करून पाहावा. शिवाय छावणीत एक पियानो, ग्रामोफोन, खेळ, वर्तमानपत्रे आणि मासिके. जंगलात, कड्यावर, पियानो! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा छपाईची चूक समजलो.

पण हे आभाळातून पडले नव्हते. त्याच व्हिक्टोरियात, मेलबर्नमध्ये, १८५६च्या एप्रिलात विद्यापीठाच्या इमारतीवरचे पाथरवट हत्यारे खाली ठेवून मोर्चाने पार्लमेंट भवनाकडे निघाले आणि मजुरीत कपात न होता आठ तासांचा दिवस मिळवून परतले. पुढे १९०७ साली त्याच देशात न्यायमूर्ती हिगिन्स यांच्यापुढे नांगर-कापणीची यंत्रे करणाऱ्या एका कारखान्याचा खटला आला. मजुराची रास्त मजुरी किती? हिगिन्स यांनी मालकाला काय परवडते यावरून नव्हे, तर सुधारलेल्या समाजात राहणाऱ्या माणसाला, त्याच्या बायकोला आणि तीन मुलांना काय लागते यावरून ती ठरविली. रोजचे ७ शिलिंग. मधल्या युद्धात महागाई झाली, आणि ७ चे साडेदहा झाले. कड्यावरच्या त्या पियानोचा पाया पाथरवटांनी ६३ वर्षे आधी घातला होता, असे आम्ही समजतो.

हे मजूर संत होते असे मात्र कोणी समजू नये. १९२४ साली 'कॅसिनो' नावाची आगबोट केप पॅटनजवळ खडकावर आपटली. ती हलकी करण्यासाठी कप्तानाने बिअरची ५०० पिंपे आणि दारूच्या १२० पेट्या समुद्रात लोटल्या. लाटांनी तो माल इमानाने छावणीच्या दाराशी आणून पोहोचविला. पुढे दोन आठवडे रस्त्याचे काम बंद! असा बंद आमच्या संघटनेला कधी साधला नाही.

१९३२ साली लॉर्न ते अपोलो बे हा अवघड तुकडा पुरा झाला आणि नोव्हेंबरात उद्घाटन झाले. हिचकॉक तीन महिन्यांपूर्वीच हृदयविकाराने वारले होते. मिरवणुकीत गव्हर्नरांच्या गाडीमागून त्यांची मोटार चालविण्यात आली. कर्ज फेडण्यासाठी काही वर्षे टोल होता. १९३६ साली रस्ता सरकारच्या स्वाधीन झाला आणि टोल उठला. टोल खरोखर उठू शकतो, हे ऐकून आपल्यापैकी काहींना पियानोहूनही अधिक आश्चर्य वाटेल. ईस्टर्न व्ह्यू येथे या रस्त्यावर एक स्मारक-कमान आहे. २००७ साली तिच्याशेजारी कुदळ-फावडे घेतलेल्या दोन मजुरांचा पुतळा बसविला.

याच रस्त्याच्या पश्चिम टोकाला 'ट्वेल्व्ह अपॉसल्स', म्हणजे येशूचे बारा शिष्य, या नावाचे चुनखडीचे सुळके समुद्रात उभे आहेत. लाट प्रथम कड्यात गुहा करते, गुहा आरपार गेली की कमान होते, कमान कोसळली की सुळका एकटा उरतो. बारा ते कधी नव्हतेच. २००५च्या जुलैत एक सुळका काही क्षणांत ढासळला आणि आठ राहिले. पलीकडे 'लंडन ब्रिज' नावाची दुहेरी कमान होती. १९९०च्या जानेवारीत तिची किनाऱ्याकडची बाजू पडली आणि दोन प्रवासी पलीकडे अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. पाणी दगड फोडते ते विनामजुरी, आणि त्याला घाई नसते.

आता पॅसिफिक महासागराच्या दुसऱ्या काठाला चला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बिग सर भागातही डोंगर असाच समुद्रात उतरतो, आणि त्यावरचा रस्ताही जवळजवळ त्याच वर्षांत झाला, १९३७ साली खुला झाला. बिक्सबी खाडीवरचा १९३२ सालचा सिमेंटचा कमानी पूल जगभरच्या छायाचित्रांत दिसतो. सौंदर्यात दोघांत डावे-उजवे करणे कठीण. हजेरीपत्रकात मात्र फार अंतर आहे. येथे सान क्वेंटिनच्या तुरुंगातले कैदी लावले होते. मजुरी रोज ३५ सेंट, आणि वर शिक्षेत सूट. शिक्षेतली सूट लहान नव्हे. मोकळ्या हवेतला एक दिवस कोठडीतल्या दिवसाहून बरा, हे कोणी कैदीही सांगेल. पण ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्याशी झालेल्या कराराला आमच्या धंद्यात करार म्हणत नाहीत. त्या रस्त्यावर दरडी आजवर पडत आल्या आहेत. २०१७च्या मे महिन्यात मड क्रीक येथे अख्खा उतारच रस्त्यासकट समुद्रात गेला.

कोणी म्हणेल, ही परक्यांची उणीदुणी झाली, आपले काय? पावसाळ्यात बोरघाटातून जाताना खिडकीशी बसण्यासाठी आपण मुलांशी भांडतो. धबधबे, बोगदे, धुके. तो लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. १८६१ साली तेथे सुमारे ४२,००० माणसे कामावर होती. पटकीने त्यांतली किती गेली याची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच मेला आणि त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुरे केले. तिचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. पण त्याच वर्षी जानेवारीत मजुरी थकल्यावरून घाटात मजुरांनी दंगा केला होता. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आम्हांस वाचावयास मिळाले नाही. पुढच्या वर्षी सरकारने रेल्वे, कालवे वगैरे कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने सोडवावेत असा कायदा केला. ४२,००० बिननावाच्या माणसांनी एवढे तरी करून घेतले.

आणि जुन्या गोष्टींवरच थांबावे असेही नाही. आपल्या गावातून दर उन्हाळ्यात लडाखला सहली जातात. बर्फातून कापलेल्या भिंती, वाळूच्या रंगाचे डोंगर, आणि साडेपाच हजार मीटरच्या आसपास चढणारे रस्ते. या सरहद्दीवरच्या रस्त्यांसाठी १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली. त्यांवर खडी फोडणारे पुष्कळसे मजूर झारखंडातल्या दुमका जिल्ह्याचे असतात. कोठे तो उष्ण मुलूख आणि कोठे ही विरळ हवा! २०२० साली साथीमुळे सारे बंद झाले तेव्हा ते तेथेच अडकले. २९ मे रोजी त्यांतल्या ६० जणांना झारखंड सरकारने विमानाने लेहहून आणले. छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. आम्हांला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. जूनमध्ये पुन्हा मजूर पाठविण्याची वेळ आली, तेव्हा राज्य सरकारने अटी पुढे केल्या. मजुराची नोंदणी हवी, आणि मजुरी मुकादमाच्या हाती न देता थेट मजुराच्या बँकखात्यात गेली पाहिजे. मग दुमक्याहून खास आगगाडी सुटली.

त्या अटी प्रत्येक हंगामात किती पाळल्या जातात, हे मजुरांच्या पासबुकांवरूनच कळेल. तेथला रस्ता एकदा बांधून संपत नाही. हिवाळ्यात बर्फ तो फोडते, वसंतात दरडी येतात. आपण येथे व्याख्याने ऐकत बसतो त्या सुमारास दुमक्याची माणसे गाठोडी बांधून निघण्याच्या तयारीत असतात, आणि आपल्या सहली त्यांच्यामागून महिन्याभराने पोहोचतात.