ओझे वाहणाऱ्या जुन्या गाड्या



वसंत व्याख्यानमालेच्या पंगतीत संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य हे नेहमीचे मानकरी असतात. त्या पंगतीत जुनी जीप, जुना टेम्पो आणि जुना ट्रक यांना पाट मांडून देण्याचे आम्ही आज योजले आहे. हा विषय हौशी लोकांचा आहे, बीड जिल्ह्यासारख्या दुष्काळी मुलखात त्याचे काय प्रयोजन, असे कोणी म्हणेल. परंतु आमचे म्हणणे असे की, ज्या मुलखाने आपले पोटपाणी आणि आपला देवधर्म कित्येक वर्षे या गाड्यांच्या पाठीवर घातला, त्याच मुलखाने हा विषय बोलला पाहिजे. इतरांना तो सुचण्याचे कारणच नाही.

जुन्या मोटारींचे मेळावे आता आपल्या देशात नवे राहिलेले नाहीत. दिल्लीत स्टेट्समन या वृत्तपत्राने १९६४ मध्ये जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. मुंबईतही व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेच्या वतीने अशा फेऱ्या निघत आल्या आहेत. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, शेठसावकारांच्या ब्यूक आणि पॅकार्ड, पितळी दिवे, लाकडी चाके, चकचकीत रंग. रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहतात, लहान मुले टाळ्या वाजवतात. हे सारे सुंदर आहे, यात शंका नाही. ज्यांनी त्या गाड्या जपल्या त्यांच्या चिकाटीला आम्ही नमस्कार करतो. परंतु त्या रांगेत ओझे वाहणारी गाडी क्वचितच दिसते. राजेसाहेब ज्या मोटारीतून शिकारीला गेले ती जपली गेली. त्याच काळात ज्या गाडीने ज्वारीची पोती वाहिली ती भंगारात गेली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बीड हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी मोटारवाहतूक खाते उघडले, आणि संस्थानात सरकारी मोटार धावू लागली. परळीला आगगाडी आली. पण खुद्द बीड शहराला आगगाडीचे दर्शन घडायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी अहिल्यानगर ते बीड ही गाडी सुरू झाली. म्हणजे बीड, पाटोदा, गेवराई, केज, धारूर या भागांचे सारे दळणवळण पिढ्यान् पिढ्या रस्त्यावरून झाले. आणि रस्ते तरी कसले? बालाघाटच्या डोंगराचे चढउतार, धारूरचा घाट, मांजरसुंब्याचा घाट, आणि पावसाळ्यात गुडघाभर काळी माती.

या रस्त्यांवर ज्या गाड्या धावल्या त्यांची कुळकथा मनोरंजक आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने आपल्या जीपगाड्या आणि ट्रक विक्रीस काढले, आणि त्यांतले अनेक खासगी मालकांच्या हाती गेले. १९४७ मध्ये महिंद्र यांच्या कंपनीने मुंबईत विलिस जीप जुळवण्यास आरंभ केला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो बनावटीचे ट्रक निघाले. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेन्झ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढला. म्हातारे ड्रायव्हर त्याला ‘मर्सिडीज’च म्हणत असत. १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. ‘टेम्पो’ हे हँबर्गच्या एका कारखान्याचे नाव. आज आपल्या खेड्यातली आजीबाईसुद्धा कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला टेम्पो म्हणते आणि आपण जर्मन शब्द बोलतो आहोत हे तिच्या गावीही नसते. पुढे मॅटॅडोर आली, आणि मग पिकअप आली.

या गाड्यांनी काय वाहिले नाही? माजलगाव-गेवराईचा कापूस वाहिला. बालाघाटची सीताफळे पुण्या-मुंबईच्या बाजारात नेली. नेकनूरच्या बाजारची गुरे नेली-आणली. १९७२ च्या दुष्काळात या मुलखातल्या लाखो माणसांना सरकारी कामांवर खडी फोडावी लागली. त्या कामांना आणि त्या माणसांना लागणारे सारे सामान चाकांवरूनच आले. २०१६ च्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर आणि छावणीचा चारा घेऊन धावणाऱ्या गाड्या तर आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. दसरा-दिवाळी उलटली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे बिऱ्हाडच्या बिऱ्हाड, कोयता, चूल, कोंबड्या आणि पोरे यांसह, गाडीवर चढते. जिल्ह्याचे सुखदुःख कशावर लिहिले आहे असे कोणी विचारले, तर आम्ही गाडीच्या हौद्याच्या फळ्यांकडे बोट दाखवू.

आणि या गाड्यांनाही एक वार्षिक मेळा आहे. तो म्हणजे आषाढी. पैठणहून निघणारी नाथांची पालखी रायमोहा-पाटोद्याकडून जाते. मुक्ताईची पालखी गेवराई-बीडवरून जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. यांशिवाय जिल्ह्यातल्या गावोगावच्या दिंड्या निराळ्याच. आपली नजर वीणेकऱ्याकडे आणि पताकांकडे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक दिंडीच्या मागे-पुढे एक गाडी असते. पाले, राहुट्या, पातेली, शिधा, अंथरुणे आणि पाय सुजलेल्या वारकऱ्याची पिशवी त्या गाडीत असते. माणसे चालू लागली की ती पुढच्या मुक्कामी निघून जाते. दिंडी पोचेतो राहुटी उभी राहिली पाहिजे आणि पिठले उकळले पाहिजे, हा तिचा नेम. पंढरपूरला ६५ एकरांच्या मैदानावर राहुट्यांचे नगर वसते, त्या नगराचा संसार गाड्यांनी वाहून आणलेला असतो.

मुंबईत मोटारीसाठी मेळा भरतो, येथे मेळ्यासाठी मोटार जाते, एवढाच काय तो फरक. परंतु हौस दोहींकडे सारखीच आहे. वारीला निघण्याआधी आठ दिवस ड्रायव्हर आणि फिटर त्या जुन्या गाडीला जे लेणे चढवतात ते ज्याने पाहिले असेल त्याला आमचे म्हणणे पटेल. कमानपाट्यांना ग्रीस, रेडिएटरला नवी नळी, ब्रेकला नवे लायनर, आणि शेवटी दर्शनी काचेवर पांडुरंगाचे चित्र.

जुनी गाडी चालवणे ही एक विद्या आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. जुन्या गिअरपेटीत दात आपोआप जुळत नाहीत. गिअर उतरवताना क्लच दाबावा, गिअर मोकळा करावा, क्लच सोडून किंचित वेग द्यावा आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावा. याला डबल क्लच म्हणतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा पाठ. कारण सारा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. चैत्र-वैशाखात पेट्रोलच्या जीपमध्ये पंपाशीच पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडे. मग पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि झाडाखाली थांबायचे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. ती “मामा, आता काय करायचं?” असे क्लीनरने विचारायचे आणि मामांनी हाताने करून दाखवायचे, अशा रीतीने चालत आली. मामा गेले की ती जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळू लागली, नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे आली, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शनाला, फेरीला, दुरुस्तीला नेता येते. नियम चांगला आहे. परंतु तो कोणासाठी? दुचाकींसाठी आणि खासगी प्रवासी मोटारींसाठी. माल वाहणारी गाडी त्यात बसत नाही. शिवाय अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा.

ही दुसरी अट ऐकायला रास्त वाटते, पण तिचा अर्थ नीट पाहा. श्रीमंताची मोटार मूळ रूपात राहिली, कारण ती गॅरेजमध्ये राहिली. आमची गाडी जगली ती बदलली म्हणून. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा कित्येक जीपगाड्यांचे पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेलचे बसवले गेले. हौदा कुजला तेव्हा गावच्या लोहाराने नवा केला. सुटा भाग मिळेना तेव्हा दुसऱ्या गाडीचा घासून बसवला. या प्रत्येक ठिगळात एकेका वर्षाची अडचण आणि एकेका कारागिराची अक्कल आहे. आजीच्या गोधडीला ठिगळे आहेत म्हणून ती मूळ रूपात नाही असे आपण म्हणत नाही. ठिगळे म्हणजेच गोधडी. ज्या गुणामुळे गाडी टिकली तोच गुण नियमाला दोष वाटावा, हे आम्हाला पटत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. येथे कोणी असे समजू नये की आम्ही त्या धोरणाच्या विरुद्ध उभे आहोत. जुने डिझेल इंजिन धूर ओकते. जुना ब्रेक दगा देतो. आणि याहून गंभीर गोष्ट ही की, आपल्याकडे मालाच्या हौद्यात माणसे भरली जातात. यात्रेला, लग्नाला, ऊसतोडीला, सर्वत्र. कायद्याने मालवाहू गाडीत अशी माणसे नेता येत नाहीत. तरी नेली जातात, आणि दरवर्षी कुठल्या तरी घाटात गाडी उलटल्याची बातमी येते. त्या बातमीत दहा-बारा नावे असतात आणि ती बहुधा गरिबांची असतात. जुन्या गाडीवरचे आमचे प्रेम जर या नावांवरून नजर फिरवायला शिकवत असेल, तर ते प्रेम आम्हाला नको.

म्हणून आमचे म्हणणे दुहेरी आहे, आणि दोन्ही बाजू एकत्रच ऐकाव्यात. जुन्या गाडीला मान द्या आणि तिच्या पाठीवरून माणसे उतरवा. बैल म्हातारा झाला की जाणता शेतकरी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही; पण पोळ्याला त्याची शिंगे रंगवतो, त्याला पुरणपोळी देतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपल्याला दोनच वाटा ठाऊक आहेत. मोडेपर्यंत तिला राबवायचे, नाहीतर वजनावर भंगारवाल्याला द्यायचे. पोळ्याची तिसरी वाट आपल्याच संस्कृतीत आहे, ती येथे का नसावी?

परदेशात या वाटेने लोक गेले आहेत. इंग्लंडात लंडनहून ब्रायटनला जुन्या मोटारींची फेरी प्रसिद्धच आहे. परंतु १९६२ पासून त्याच मार्गावर जुन्या लॉऱ्या, बसगाड्या आणि मालमोटारी यांचीही वेगळी वार्षिक फेरी निघू लागली. दुधाची गाडी, कोळशाची गाडी, सामान हलवणाऱ्याची गाडी आपापल्या चाकांवर चालत समुद्रकाठी जाते. इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या शेजारी अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. युद्धात लढलेले यंत्र जपावे हे आपल्याला समजले. दुष्काळात लढलेले यंत्र जपावे हे समजणे कठीण का जावे?

आमच्या सूचना थोड्या आहेत. जिल्ह्यात पन्नास वर्षांची झालेली जी कोणती जीप, टेम्पो, ट्रक शिल्लक असेल तिची प्रथम मोजदाद व्हावी. हे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थी एका सुट्टीत करू शकतील. प्रत्येक गाडीबरोबर ती चालवणाऱ्याची आणि दुरुस्त करणाऱ्याची हकीकत लिहून घ्यावी, कारण माणूस गाडीच्या आधी जातो. खंडेनवमीला आपण घरोघरी वाहनांची पूजा करतोच. त्या दिवशी बीडला या गाड्यांचा एक मेळा भरावा. गाड्या रिकाम्या याव्यात, तपासून याव्यात, सावकाश याव्यात. पालकांनी मुलांना बोट धरून आणावे आणि ‘आपल्या आजोबांनी हिच्यात कापूस भरला’ असे सांगावे. सरकारकडे मागणी करावी की, पन्नास वर्षांच्या मालवाहू गाडीलाही व्हिंटेज नोंद मिळावी, आणि झालेले फेरबदल प्रामाणिकपणे नोंदवलेले असतील तर ते अपात्रतेचे कारण होऊ नयेत. आणि यात्रेकरूंसाठी व ऊसतोड मजुरांसाठी पुरेशा बसगाड्या मागण्याचे काम याच मेळ्यातून, याच तोंडाने व्हावे.

समाज काय जपतो यावरून तो कोणाला मानतो हे कळते. केवळ स्वारीच्या मोटारी जपल्या तर पुढच्या पिढीला वाटेल की या देशात सगळे स्वारच होते. पोती उचलणारेही होते, आणि पुष्कळ होते, एवढे तिला कळावे. एखाद्या जुन्या टेम्पोने ते तिला सांगितले, तर त्याच्या दुरुस्तीला लागलेला पैसा वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.