गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल बघा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, छत्रपती संभाजीनगर)



पत्रिकेवर 'ऑटोमॅटिक गाडीची देखभाल आणि दुरुस्ती' असा भारदस्त विषय छापलाय. माझं म्हणणं एवढंच, की गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल बघा. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय, हे वाळूज-शेंद्र्यात गाड्यांचे कारखाने असलेल्या गावाला मी काय सांगणार! इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, आतले क्लचही तेलाच्याच दाबाने बसतात, एवढं धरून चालू.

२०१० चा ऑक्टोबर आठवतो? आपल्या मंडळींनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा, स्टेट बँकेचं कर्ज, देशभर बातम्या. मोंढ्यात पोती घ्यावीत तशी घासाघीस केली! आम्हाला मागास म्हणता काय? घ्या! तेव्हा गावात दुसरा विषयच नव्हता... असो. बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. त्यातल्या किती जणांनी पुढे गिअरबॉक्सचं तेल बदललं? हात वर करा. (हशा) एकच हात, तोही ड्रायव्हरचा! पहिल्या रांगेतले साहेब, रोख तुमच्यावर नाही हो.

'कंपनीच म्हणते, तेल बदलायची गरज नाही.' मागून आवाज आला. मी कंपनीला खोटं पाडत नाही. पण कित्येक पुस्तिकांत कठीण वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, ते कोण वाचतो? मे महिन्यात जालना रोडवर रांगणारी, सगळं बिऱ्हाड भरून कन्नडचा घाट चढणारी गाडी कठीण वापरातलीच. उष्णतेनं तेल लवकर म्हातारं होतं.

आणि एक दिवस 'डी' टाकल्यावर गाडी क्षणभर थबकते, मग धक्का देते. मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स गेला. थांबा! आधी स्कॅनर लावा, बॅटरी तपासा. मग सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, पुस्तिकेतल्या तापमानाला तेलाची पातळी बघा. तेल कमी असलं की पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. तेल काळपट, करपट वासाचं असेल तर खालचा पॅन उघडा. आतल्या लोहचुंबकावर राखाडी लेप असतोच, घाबरू नका. तो बोटांत चोळा. कपच्या टोचल्या, तर मात्र मेकॅनिक बरोबर, उतरवा! नाहीतर फिल्टर, पॅकिंग आणि पुस्तिकेत सांगितलेलंच तेल.

चिठ्ठी आली, दोनच मिनिटं. तर उरलेलं पळत. एएमटीवाल्यांनो, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलू नका, क्लचप्लेट जळते, ब्रेक धरा. सीव्हीटीला सीव्हीटीचंच तेल. उतारावर आधी हॅन्डब्रेक, मग 'पी'. बंद गाडी टोचन लावून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आत तेल फिरत नाही. उचलून न्या.

दुसरीही चिठ्ठी! बरं, प्रश्न पार्किंगमध्ये घेऊ. अध्यक्षांची गाडी ऑटोमॅटिक आहे, पहिला नंबर त्यांचा. (हशा, टाळ्या)